हॉल घुमतो म्हणून

आपल्याच घरात आपलाच आवाज घुमतो, ही तक्रार घेऊन माणसाने नक्की कुठल्या ऑफिसात जावं, हे अख्ख्या भाईंदरमध्ये कुणालाही ठाऊक नव्हतं. उत्तम केळुसकरने तीन ठिकाणी चौकशी केली. पहिल्यांदा तो गेला बोरिवलीच्या कानाच्या मशीनवाल्याकडे, कारण ऐकू येत नव्हतं ते त्याच्या आईला. मशीनवाल्याने मनोरमाबाईंच्या कानातलं मशीन काढलं, फुंकलं, स्वतःच्या कानाला लावून पाहिलं आणि म्हणाला, "काका, मशीन फर्स्ट क्लास आहे. इथे दुकानात आजींना सगळं ऐकू येतंय, बघा. तुमचं घर चेक करा." म्हणून उत्तम बिल्डरच्या ऑफिसात गेला. तिथली मुलगी अदबीने म्हणाली, "सर, आवाज घुमणं डिफेक्टच्या लिस्टमध्ये नाहीये. लीकेज आहे का? लीकेज असेल तर लिहून घेते." आपल्या घरात लीकेज नाही, याचं उत्तमला आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं.

शेवटी आवाजाच्या तक्रारी घेणाऱ्या एका सरकारी खिडकीवर तो तासभर उभा राहिला. खिडकीतल्या गृहस्थांनी फॉर्म पुढे ओढला. "लाऊडस्पीकर आहे की मंडप?"

"दोन्ही नाही. घरातला आवाज आहे."

"शेजाऱ्यांचा?"

"नाही, आमचाच. आम्ही बोललो की होतो."

गृहस्थांनी पेनाला टोपण लावलं. "मग बोलू नका," ते म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

खरं सांगायचं तर, दोन वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हा याच घुमण्याचा उत्तमला कोण अभिमान होता. गिरगावच्या चाळीतल्या दोन खोल्यांमध्ये माणसाचा आवाज तोंडातून बाहेर पडेपर्यंत कपाटाला तरी अडकायचा नाहीतर वळकटीत तरी रुतायचा. इथे भाईंदर पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर, तीनशे चार नंबरच्या फ्लॅटमध्ये पाहुणा आला की उत्तम त्याला हॉलच्या मधोमध उभा करी आणि टाळी वाजवून दाखवी. टाळी भिंतींवरून फिरून परत आली की म्हणे, "बघा, केवढी स्पेस आहे." स्पेस होती याचं श्रेय मात्र नीलिमाचं. चाळीतली एकही वस्तू नव्या घरात येणार नाही, असं तिने टेम्पो ठरवायच्या आधीच जाहीर केलं होतं. कपाटं, ट्रंका, गाद्या, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, सगळं वाटून टाकलं. उरली ती पांढरीशुभ्र चकचकीत टाइल, भिंतभर काचेच्या खिडक्या, एक सोफा, एक टीव्ही आणि खिडकीपाशी मनोरमाबाईंचा पलंग. भिंतीला खिळा मारायला बंदी होती. कॅलेंडरसुद्धा स्वयंपाकघरात, दाराच्या मागे.

मनोरमाबाईंचं वय शहात्तर. चाळीत त्या उरल्यासुरल्या अर्ध्या कानावर अख्ख्या गॅलरीचा कारभार पाहायच्या. इथे दोन्ही कानांत मशीन घालूनही त्यांना काही समजेना. "तू एक बोलतोस आणि भिंती तीन बोलतात," त्या म्हणायच्या. "मी कुणाकुणाचं ऐकू?" पुढे पुढे त्या जेवायला बसल्या की मशीन काढून चष्म्याच्या घरात ठेवू लागल्या. बरं वाटतं म्हणायच्या. आपण बोलायला तोंड उघडावं आणि समोरच्याने कानातलं काढून ठेवावं, यापेक्षा मोठा अपमान ऑफिसात साहेबानेही उत्तमचा कधी केला नव्हता.

आणि एका सकाळी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, त्यांनी सांगून टाकलं. "मी वासंतीकडे जाते राहायला. तिच्याकडे ऐकू येतं."

वासंती म्हणजे उत्तमची थोरली बहीण. तिच्या डोंबिवलीच्या घरात तीन कपाटं, शिवणाचं मशीन, ब्लाउजपिसांची गाठोडी आणि सासूबाईंच्या सहा गाद्या होत्या; तिथे टाचणी पडली तर खरंच ती पडल्याचं कुणाला कळलं नसतं, पण माणूस बोललेला मात्र कळायचा. वासंतीने फोनवरून तारीखही पक्की केली. "तीन आठवड्यांनी रविवारी गाडी करून येते. आईचं सामान भरून ठेव. आणि उत्तम, मनाला लावून घेऊ नकोस." मनाला लावून घेऊ नकोस म्हटल्यावर उत्तमने ते ताबडतोब लावून घेतलं.

लोक काय म्हणतील, हा भाग होताच. पण खरी गोष्ट निराळी होती. चाळीत असताना रोज संध्याकाळी घरी आल्यावर उत्तम आईसमोर पाय पसरून बसायचा आणि विमा कंपनीतला अख्खा दिवस तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा: साहेब काय म्हणाला, क्लेमची फाइल कुठे हरवली, ती हरवलेली नव्हतीच कशी, सगळं. पंचवीस वर्षं हे चाललं होतं. नीलिमाला सांगायला गेलं की ती पहिल्या मिनिटाला विचारायची, "अहो, पण मुद्दा काय?" मुद्दा नसतोच, हे फक्त आईला ठाऊक होतं. गेली दोन वर्षं उत्तमने कुणाला काही सांगितलेलं नव्हतं, आणि आता आई जायला निघाली होती.

हॉलचं घुमणं घालवायला तीन आठवडे होते.

अनुष्का, म्हणजे उत्तमची मुलगी, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती सायबर कॅफेत जाऊन चार पानं छापून घेऊन आली. पानांचं सार असं, की गुळगुळीत, कडक पृष्ठभागावरून आवाज परत फिरतो आणि मऊ, जाड, भोकाभोकाच्या वस्तूंत जिरतो. "बाबा, आपल्या हॉलमध्ये जिरायला काहीच नाहीये," ती म्हणाली. भिंतीला लावायचे स्पंजचे तयार तक्तेही मिळतात, असं चौथ्या पानावर होतं. पण ते ज्या स्टुडिओवाल्यांना परवडतात त्यांचे फोटोही सोबत होते, त्यामुळे उत्तमने ते पान घडी करून खिशात टाकलं.

मग सल्ले सुरू झाले. उत्तमची चूक एवढीच, की त्याने लिफ्टमध्ये एकाजवळ विषय काढला. पहिल्या मजल्यावरच्या एकांनी वास्तूची दिशा विचारली आणि ती ऐकून नुसतीच मान हलवली. दुसऱ्या एकांनी सांगितलं की त्यांच्या साडूच्या घरातही असंच व्हायचं, त्यांनी घर विकलं. सोसायटीचे सेक्रेटरी जयंतीभाई म्हणाले, "उत्तमभाई, फॉल्स सीलिंग करा लो. अपना आदमी है." जयंतीभाईंचा आदमी प्रत्येक कामाला असे. समोरच्या फ्लॅटमधल्या उर्मिलाबेन म्हणाल्या, "आवाज आवे छे तो सारूं ने? हमारे घर में तो कोई बोलता ही नहीं."

पक्का सल्ला मिळाला तो ऑफिसात, बाळारामकडून. बाळाराम हा रेकॉर्ड रूमचा शिपाई, समुद्रकाठच्या पाली गावचा कोळी, घरची होडी असूनही नोकरीला लागलेला. त्याच्या मेव्हण्याचा ऑर्केस्ट्रा होता आणि मेव्हण्याची प्रॅक्टिसची खोली त्याने आतून पाहिली होती. "सायेब, अंड्यांचे ट्रे लावलेत त्याने भिंतीला. पुठ्ठ्याचे. बाहेर ढोल ऐकू येत न्हाय." उत्तमने विचारलं, एवढे ट्रे मिळतील कुठे? "माझ्या वळखीची बेकरी हाय ना भाईंदर स्टेशनाकडे. किती पायजेत तेवढं सांगा."

अनुष्काने भिंती मोजल्या. दोनशे चाळीस.

इथे सोसायटीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. बिल्डिंगमधली बहुतेक कुटुंबं जैन आणि गुजराती, सज्जन, मनमिळाऊ. फ्लॅट घेताना कागदावर कुठे काही नव्हतं, पण जयंतीभाईंनी चहा पाजून हसत हसत विचारलं होतं, "घर में वो सब नहीं ना?" आणि उत्तमने तितकंच हसत "छे छे" म्हटलं होतं. मासे खायला मग घरचे सगळे महिन्यातून एकदा मीरा रोडला नीलिमाच्या मावशीकडे जात. अंड्यांचं मात्र जमवलेलं होतं. आठवड्याला सहा अंडी यायची, ऑम्लेटच्या वेळी खिडक्या बंद करून उदबत्ती लावली जायची, आणि टरफलं वर्तमानपत्रात बांधून उत्तमच्या ऑफिसच्या बॅगेतून बोरिवलीला जायची. एकदा एका क्लेमच्या फाइलला टरफल चिकटून साहेबाच्या टेबलावर गेलं होतं. तो प्रसंग उत्तमने कसा निभावला, हे त्याला आईला सांगायचं राहून गेलं होतं.

अशा बिल्डिंगमध्ये, रविवारी सकाळी साडेअकरा वाजता, सगळे गॅलरीत उभे असताना, बाळारामचा टेम्पो अंड्यांचे दोनशे चाळीस ट्रे घेऊन आला.

आपण रिकामे पुठ्ठे आणतोय, अंडी नाहीत, हा फरक उत्तमच्या डोक्यात इतका स्वच्छ होता की तो दुसऱ्या कुणाच्या डोक्यात नसेल अशी शंकाच त्याला आली नाही. वॉचमनने नियमाप्रमाणे रजिस्टरमध्ये नोंद केली: 'अंडा ट्रे, २४० नग, फ्लॅट ३०४.' रिकामे असा रकाना रजिस्टरमध्ये नव्हता. संध्याकाळी जयंतीभाईंनी रजिस्टर पाहिलं. एका ट्रेमध्ये तीस, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. जयंतीभाईंचा हिशेब तोंडी पक्का.

"सात हजार दोनसौ," ते दारात उभे राहून म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आघात होता. "उत्तमभाई, छे महिने में एक आध होता तो मैं आँख बंद कर लेता. सात हजार दोनसौ?"

उत्तमला भयंकर संताप यायला हवा होता. आला नाही, कारण त्याच क्षणी फ्रीजमध्ये चार अंडी होती. निरपराध माणसाची चीड त्याला आणता येईना. तो नुसता "रिकामे आहेत, खाली है, खाली" असं म्हणत राहिला, आणि हॉल त्याच्या मागून प्रत्येक 'खाली' तीनदा म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या लेटरहेडवर नोटीस आली. 'आपण आपल्या निवासी सदनिकेत अंड्यांचा घाऊक व्यवसाय सुरू केल्याचे समितीच्या निदर्शनास आले असून, सात दिवसांचे आत तीन प्रतींत खुलासा करावा.' उत्तमची हयात असल्या भाषेत गेलेली. त्याने रात्रंदिवस लोकांना पाठवलेल्या पत्रांचा सगळा अनुभव पणाला लावून उत्तर लिहिलं: 'सदर ट्रे प्राप्तीसमयी रिकामे होते, आजमितीस रिकामे आहेत व भविष्यातही रिकामे राहतील, अशी हमी देत आहे.' समितीने कळवलं की रिकामे असल्याचा पुरावा जोडलेला नाही. रिकामेपणाचा पुरावा कुठून आणायचा? बाळाराम बेकरीत गेला आणि बेकरीच्या मालकाकडून शिक्क्याचं पत्रच घेऊन आला: 'प्रमाणित किया जाता है कि इन ट्रे में से सब अंडे हमने निकालकर माल में इस्तेमाल किए हैं.'

जयंतीभाईंनी पत्र वाचलं. बेकरीचं नाव पुन्हा वाचलं. बिल्डिंगमधल्या निम्म्या घरांत सकाळच्या चहाबरोबर याच बेकरीची नानखटाई यायची. त्यांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली. पुरावा द्यायचा म्हणून दिला आणि आता समितीपुढे एकाऐवजी दोन विषय झाले, हे उत्तमच्या लक्षात आलं.

दरम्यान भिंती सजल्या होत्या. नीलिमाने डोळे मिटून परवानगी दिली होती, ती फक्त सासूबाई थांबाव्यात म्हणून, आणि डोळे उघडल्यावर ती आत जाऊन बसली होती. सुतारकामाच्या गोंदाने चिकटवलेले राखाडी ट्रे दुपारच्या उन्हाने भिंत तापली की एकेक करून सुटायचे आणि टाइलवर पडायचे. मनोरमाबाईंना बोलणं ऐकू येत नव्हतं, पण ट्रे पडलेला नेमका ऐकू यायचा. पाचव्या दिवशी उत्तमने त्यांच्यासमोर उभं राहून, छाती भरून विचारलं, "आई, काही फरक?"

मनोरमाबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "आहे. आधी भिंती तीन बोलायच्या. आता अडीच बोलतात."

"पुठ्ठा फार पातळ आहे, बाबा," अनुष्का म्हणाली. "बारीक आवाज थोडा जिरतो, बाकी काही नाही. जाड काहीतरी पाहिजे." हे तुझ्या चार पानांत आधी का नव्हतं, असं उत्तमने विचारलं. ते होतं, पण त्याने खिशात घातलेल्या पानावर.

जाड म्हटल्यावर बाळारामकडे तोडगा तयार होता. चिंध्या ठासून भरलेल्या गोण्या. चिंध्या शिंप्याकडून, गोण्या घरच्या. "धुतल्यात सायेब, दोनदा. खणखणीत सुकवल्यात. वास न्हाय येत." वास कशाचा येईल, हे उत्तमने विचारायला हवं होतं. पण मंगळवार उजाडला होता, वासंतीची गाडी रविवारी येणार होती, आणि माणूस घाईत असला की नेमका तोच प्रश्न विचारायचा राहतो. सोळा गोण्या ट्रेच्या वरून दोरीने टांगल्या गेल्या. भिंतीला खिळा मारायची बंदी त्या दिवशी उठली, कारण नीलिमा आता कशालाच काही म्हणत नव्हती.

दोन दिवस वास नव्हता. गुरुवारी हवेत दमटपणा आला, आणि पालीच्या मासळी सुकवायच्या खळ्यांवर वर्षानुवर्षं सुके बोंबील वाहिलेल्या त्या गोण्यांनी आपली ओळख सांगितली. वास आधी हॉलमध्ये राहिला. मग जिन्यात गेला. मग लिफ्टमध्ये बसून सातही मजल्यांवर हिंडून आला. शुक्रवारी सकाळी सूचनाफलकावर लागलं: शनिवारी सायंकाळी सहा वाजता फ्लॅट ३०४ मध्ये प्रत्यक्ष पाहणी व विशेष सभा. सर्व सभासदांनी उपस्थित राहावे.

सर्व सभासदांनी उपस्थित राहावे, असं त्या फलकावर आजवर शेकडो वेळा लिहिलं गेलं असेल. दरवेळी सात माणसं यायची आणि कोरम नाही म्हणून अर्धा तास थांबून परत जायची. या खेपेला एकतीस आली. नाकाला रुमाल, पदर, ओढणी लावून आली, पण आली. चपलांचा ढीग जिन्याच्या वळणापर्यंत गेला. सोफ्यावर पाच बसले, त्याच्या हातांवर आणखी दोन. नीलिमाने आतल्या गाद्या बाहेर आणून टाकल्या, त्यांवर बायका बसल्या. पुरुष भिंतीला टेकायला गेले आणि गोण्या पाहून पुढे सरकले. उत्तमला आपल्याच घरात कुठे जागा उरली नाही, तेव्हा तो पलंगाच्या पायथ्याशी नीलिमाच्या शेजारी अंग चोरून बसला. पलंगावर उशाशी मनोरमाबाई होत्या आणि मायलेकांच्या मधे तीन बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, त्यांतल्या एक उर्मिलाबेन.

समितीने आधी ट्रे मोजले. मग प्रत्येकाने भिंतीवरून सुटलेला एकेक ट्रे उलटून पाहिला. अंडं सापडलं नाही. फ्रीज उघडायची सूचना कुणीतरी मांडली, तेव्हा उत्तमला आतली अंडी आठवली, पण जयंतीभाई म्हणाले, "फ्रीज घर की चीज है, रहने दो," आणि त्या एका वाक्यासाठी उत्तमने त्यांना मनातल्या मनात सगळं माफ केलं. मग जयंतीभाईंनी विचारलं, की सभासदांना समजेल अशा भाषेत सांगा, हे सगळं आहे तरी कशासाठी?

सरळ सांगायचं होतं, की माझ्या आईला ऐकू येत नाही आणि ती मला सोडून चालली आहे. एकतीस माणसांपुढे ते उत्तमच्या तोंडून निघेना. "हा एक वैज्ञानिक प्रयोग आहे," तो म्हणाला. बोंबलाच्या वासात वैज्ञानिक प्रयोग ही गोष्ट फारशी पटण्यासारखी नव्हती.

तो खाली बसला आणि नीलिमाकडे न बघता पुटपुटला, "उद्या सगळं काढून टाकू. कशाला ठेवायचं आता? आई चाललीच आहे. मला एवढंच वाटतं की दोन वर्षांत तिला ऑफिसातली एक गोष्ट सांगितली नाही. ते टरफलाचंसुद्धा नाही."

"कसलं टरफल?" मनोरमाबाईंनी विचारलं.

उत्तमने मान वर केली. तीन बायकांच्या पलीकडून आई त्याच्याकडे बघत होती.

"तुला ऐकू आलं?"

"आलं की. आज भिंती गप्प आहेत."

पलीकडे दाराजवळ एक गृहस्थ शेजाऱ्याच्या कानाशी लागले. "डोशी बहेरी छे ने?" म्हातारी बहिरी आहे ना, असं त्यांनी हळूच विचारलं.

पन्नास वर्षं गिरगावात काढलेल्या मनोरमाबाईंनी पलंगावरूनच उत्तर दिलं. "बहेरी तो छुं, भाई, पण आजे बधुं संभळाय छे." बहिरी आहेच, पण आज सगळं ऐकू येतंय.

अनुष्काने टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथेच संपली. तिने पुन्हा वाजवली, मग हसायला लागली. "बाबा, माणसं. माणसं आवाज जिरवतात. कपडे, अंगं, गाद्या. आपला हॉल पहिल्यांदा भरलाय."

जयंतीभाईंना हे मराठीतून नीट कळलं नाही, म्हणून तिने हिंदीत सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. "मतलब हम सब यहाँ ट्रे का काम कर रहे हैं?"

"त्याहून चांगलं," अनुष्का म्हणाली.

मग उत्तमला बोलावंच लागलं. तो उभा राहिला नाही, बसल्या जागीच बोलला, कारण उभं राहिलं की त्याचा विमा कंपनीचा आवाज लागायचा. आईला कसं ऐकू येईनासं झालं, मशीन ती चष्म्याच्या घरात कशी ठेवते, उद्या बहीण कशी येणार आहे, सगळं त्याने अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत सांगितलं. मुद्दा काय, असं नीलिमाने विचारलं नाही. तिने पदर डोळ्यांना लावला, आणि तो वासामुळे नव्हता.

सभेचं कामकाज मग झटपट उरकलं. ट्रे हलवावेत, एकमताने. गोण्या आजच्या आज, अंधार पडायच्या आत हलवाव्यात, एकमताने आणि टाळ्यांसह. बेकरीचा विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब. आणि उर्मिलाबेन सभेच्या नियमांत न बसणारं असं काहीतरी म्हणाल्या. बिल्डिंगच्या बायका रोज दुपारी गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये भजनाला बसतात, तिथे उन्हाने जीव जातो. "माजी को चलेगा तो हम इधर बैठेंगे." माजींना चालणार होतं. नीलिमाने फक्त एक अट घातली, की गाद्या मी आता आत नेणार नाही आणि खिडक्यांना जाड पडदे लावीन, तेव्हा कुणी मला घर कसं दिसतंय ते सांगायचं नाही.

रविवारी दुपारी तीन वाजता वासंतीची गाडी खाली येऊन उभी राहिली. ती जिना चढून वर आली तेव्हा दार सताड उघडं होतं आणि दारात चपलांचे एकवीस जोड होते. चपला पाहून बिचारीला भलतीच शंका आली. ती आत धावली. हॉलमध्ये बायका मांडीला मांडी लावून बसल्या होत्या आणि मधोमध आई कुणालातरी लोणच्याचं प्रमाण सांगत होती.

"आई," वासंतीने दोन वर्षांच्या सवयीने सगळा जोर लावून हाक मारली, "सामान कुठाय?"

"ओरडू नकोस," मनोरमाबाई म्हणाल्या. "मला ऐकू येतं."

वासंती तिथेच, उंबऱ्याच्या आत, मांडी घालून बसली. मग तिने हळू आवाजात आईला गुडघ्याचं दुखणं सांगितलं, मग सुनेचं, मग बऱ्याच काळात कुणालाच न सांगितलेलं असं बरंच काही, आणि आईने प्रत्येक गोष्टीला नेमका उलट प्रश्न विचारला. कोपऱ्यात उभं राहून ऐकत असलेल्या उत्तमकडे आई मधेच वळली. "तू कुठे जाऊ नकोस. संध्याकाळी हे सगळे गेले की माझ्या जवळ येऊन बस. ते टरफलाचं मला पहिल्यापासून सांग."

उत्तमने मान डोलावली. खाली गाडीवाला हॉर्न वाजवू लागला होता, ते निमित्त बरं झालं. तो जिना उतरून खाली गेला. गाडीवाल्याने डिकी उघडून ठेवली होती. "साब, सामान लाओ. किसको जाना है?"

"कोई नहीं जा रहा," उत्तम म्हणाला. गाडीवाल्याने डिकी बंद केली, गाडीत बसला, चावी फिरवली. उत्तम खिडकीपाशी वाकला. "कोई नहीं जा रहा," त्याने गाडीवाल्याला पुन्हा एकदा सांगितलं, आणि मग गाडी जाऊ दिली.